माल कुठला, हे विचारायचं नाही

बाबा, मागच्या रविवारी मी एका दागिन्यांच्या दुकानात गेले होते. तुम्ही असताना ते नव्हतं. नवीन पनवेलला स्टेशनकडून खांदा कॉलनीकडे येताना लागतं. आत एसी, पायाखाली गालिचा, आणि तुम्ही काही घ्या न घ्या, बसल्या बसल्या हातात कोकम सरबत. यांच्या भाचीचं लग्न ठरलंय, तिला अंगठी घ्यायची होती. काउंटरवरच्या मुलीने एक अंगठी पुढे सरकवली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, “मॅडम, हा कॉन्फ्लिक्ट-फ्री डायमंड आहे, सर्टिफिकेट मिळेल.” यांनी विचारलं, “म्हणजे काय?” ती बिचारी गडबडली. तिला तेवढंच शिकवलं होतं. मग मीच सांगितलं. आफ्रिकेतल्या काही देशांत यादवी चालू होती, बंडखोरांच्या टोळ्यांनी हिऱ्यांच्या खाणी बळकावल्या, गावच्या लोकांना बंदुकीच्या धाकाने नदीच्या गाळात उभं करून हिरे चाळायला लावलं. ते हिरे चोरून शेजारच्या देशातून बाहेर काढले आणि त्या पैशातून आणखी बंदुका घेतल्या. अशा हिऱ्यांना संघर्षाचे हिरे म्हणतात, कोणी सरळ रक्ताचे हिरे म्हणतं. पैलू पाडल्यावर मात्र तो हिरा आणि दुसरा हिरा यांत काही फरक दिसत नाही. मी हे सगळं न अडखळता सांगितलं. हे माझ्याकडे कौतुकाने बघत राहिले आणि मी सरबताचा पेला खाली ठेवला, कारण हेच सगळं, जवळजवळ याच शब्दांत, मी एकदा तुम्हाला ऐकवलं होतं.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण त्यात ही गोष्ट नेहमी टाळून पुढे गेले. आज लिहून काढते. लिहिताना निदान मध्येच उठून भाजी ढवळायला जाता येत नाही.

मला तुमचा माळा आठवतो. पनवेलच्या जुन्या बाजारात सराफाच्या दुकानावरचा तो माळा, आणि त्याचा जिना इतका उभा की डब्याची कडी दातात धरून दोन्ही हातांनी चढावं लागायचं. मी दहा वर्षांची आहे, सुट्टी लागली आहे, आईने डबा दिला आहे. मी वर डोकं काढते आणि तुम्ही मान न उचलता म्हणता, “तिथंच थांब. पाय हलवू नकोस.” खडा पडलेला असतो. खडा पडला की माळ्यावर कोणी हलायचं नाही, कारण पहिल्यांदा तो पायालाच चिकटून जातो. तुम्ही गुडघ्यावर येता, तळहात जमिनीवर टेकून हळूहळू पुढे सरकता. मला तो खडा दिसतच नाही आणि तुम्हाला हाताला लागतो. मग तुम्ही पुन्हा बसता. लाकडी दांड्याच्या टोकाला लाख, लाखेत अंगठी घट्ट रोवलेली. मेण लावलेल्या काडीचं टोक खड्याला लावून तुम्ही तो उचलता, कोंदणात ठेवता आणि श्वास रोखून खडा धरून ठेवणारी एकेक नखी त्याच्यावर वळवता. चौथी नखी बसली की श्वास सोडता. तो श्वास ऐकला की मी डबा उघडायची. पनवेल-उरणकडच्या किती लग्नांचे हिरे तुमच्या त्या दोन हातांतून गेले असतील, आणि आमच्या घरात आईच्या कानात मोत्याच्या कुड्या, त्याही तिच्या माहेरच्या.

दर मंगळवारी मुंबईहून दलाल यायचा, शर्टाच्या आतल्या बंडीच्या खिशात हिऱ्यांच्या पुड्या घेऊन. पांढरा कागद, आत निळसर पातळ कागद, आणि ती पाच-सहा घड्यांची अशी मोड की उलटी धरली तरी आतला कण सांडायचा नाही. एकदा मी त्याच्यासमोरच विचारलं, “बाबा, हे हिरे कुठून येतात?” तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवलात. तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाहीत, पण त्या दिवशीचा तो लाखेचा वास येणारा हात मला मारापेक्षा जास्त लागला. दलाल गेल्यावर म्हणालात, “माल कुठला, हे विचारायचं नाही. विचारलं म्हणजे संशय घेतला. आपल्या हातात आल्यापासून हातातून जाईपर्यंत तो आपला. आधीचं आपलं नाही, नंतरचं आपलं नाही.” या धंद्यात लाखांचा माल चिठ्ठीचपाटीशिवाय या हातातून त्या हातात जातो तो एवढ्यावरच, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त रुसले होते, आणि तुम्ही घरी येताना माझ्यासाठी खारे शेंगदाणे आणले होते.

बी.कॉम. झाले आणि महापेच्या एका कंपनीत लागले. दागिने बाहेरदेशी पाठवणारी कंपनी, आणि माझं काम बिलं टाइप करायचं. तुम्ही मात्र बिल्डिंगभर सांगत सुटलात, “आमची ताई पण आमच्याच लाइनीत गेली.” सहा महिन्यांनी मी कायम झाले त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, गॅसवर सुक्या बोंबलांचं कालवण होतं आणि घरभर त्याचा वास. तुम्ही आलात ते चपला काढून थेट स्वयंपाकघरात. हातपायही धुतले नाहीत. खिशातून पुडी काढलीत, ट्यूबखाली धरून उलगडलीत. आत नाकातली चमकी होती. “पाच सेंटचा हिरा आहे,” तुम्ही म्हणालात. सेंट म्हणजे कॅरटचा शंभरावा भाग, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. “तीस वर्षं लोकांच्या पोरींना बसवले. हा घरचा.” आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “मला नाही तीस वर्षांत कधी सुचलं द्यायचं.” तुम्ही म्हणालात, “तुझ्या नाकावर राग असतो सदा. हिरा बसवू कुठे?” आई हसली, पीठ लागलेल्या हाताने तिने तुम्हाला बाहेर ढकललं. मी कुकरच्या झाकणात बघून चमकी घातली. झाकणात काय दिसणार! पण तुम्ही दारातून बघत होतात, आणि चौथी नखी बसल्यावर सोडायचात तसा श्वास सोडलात. त्या दिवसासारखी मी तुमची लाडकी पुन्हा कधी झाले नाही, असं मला वाटतं.

पंधराएक दिवसांनी, एका शनिवारी, कंपनीने आम्हा सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवलं. दोन हजार चार साल होतं ते. आमच्या प्रत्येक बिलाखाली इंग्रजीत चार ओळी असायच्या, की हे हिरे सरळ मार्गाने घेतलेले आहेत आणि कुठल्याही संघर्षाला त्यांचा पैसा गेलेला नाही. मी त्या ओळी रोज टाइप करायचे, अर्थ न कळता. त्या दिवशी बाहेरून आलेल्या एका सरांनी पडद्यावर अर्थ दाखवला. सिएरा लिओन नावाचा देश, तिथल्या खाणी, शेजारचा लायबेरिया, जिथून तो माल बाहेर पडायचा. लढाई नुकती थांबली होती, पण माणसं तशीच राहिली होती. कोपरापासून हात नसलेली. मनगटापासून नसलेली. बंडखोरांनी कुऱ्हाडीने तोडलेले. एक मुलगी होती सहा-सात वर्षांची, फ्रॉक घातलेली, आणि दोन्ही बाह्या रिकाम्या.

मी घरी आले ती चमकी मुठीत धरूनच. तुम्ही मोरीत हात धूत होतात. मी चमकी पोळपाटावर ठेवली आणि सुरू झाले. काय काय बोलले! हे घालायचं नाही मला, याला रक्त लागलंय, तुम्ही जन्मभर हे काम केलंत आणि एकदाही विचारलं नाहीत कुठून येतं म्हणून, लाज नाही वाटली? तुम्ही नळ बंद केला नाहीत. पाठमोरेच विचारलंत, “हात तोडले म्हणतेस?”

“हो.”

“कोणाचे?”

“कोणाचेही. लहान मुलांचे पण.”

“दोन्ही?”

“दोन्ही,” मी म्हटलं. तुम्ही कितीतरी वेळ हात धूतच राहिलात. आईच मग कडाडली, “बापानं दिलेली वस्तू अशी फेकतात? आणि एवढं रक्त दिसतंय तर ती नोकरी सोड ना! तिथं काय सोवळ्यातले हिरे येतात?” आई चौथी शिकलेली, पण नेमकं जिथे लागायचं तिथे तिचं बोट बरोबर जायचं. तेवढ्यात तुम्ही वळलात आणि आईला म्हणालात, “तू गप्प बस. ती बरोबर बोलतेय.” चमकी उचललीत, पुडीत घातलीत, सगळ्या घड्या नीट बसवल्यात आणि त्या दिवशी जेवला नाहीत. मला वाटलं होतं तुम्ही रागवाल, दोन दिवस अबोला धराल, विषय संपेल. तुम्ही माझं खरं मानाल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तुम्ही विचारायला लागलात. पुढच्याच मंगळवारी तुम्ही दलालाला विचारलंत, माल कुठला. तो हसला, हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, त्याच्या बोलण्याची नक्कल करून. “काका, हिऱ्याला काय पासपोर्ट असते? सुरतहून आला. सुरतच्या आधी देव जाणे.” नंतरच्या मंगळवारी तो हसला नाही. तिसऱ्या मंगळवारी तो माळ्यावर आलाच नाही, खाली दुकानात शेठकडेच पुड्या देऊन गेला. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाबा, पुरे. आई मला खुणावत होती. मी ताटातली भाकरी मोडत राहिले.

आणि मग तो दिवस. मी तुमचा विसरलेला चष्मा द्यायला आले होते. खाली दुकानात सुकापूरची एक बाई बसली होती, आगरी, नऊवारी, हातभर पाटल्या. जमिनीचा पैसा आला होता आणि मुलीच्या लग्नाला हिऱ्यांचा सेट घेत होती. मुलगी शेजारी, गळ्यात हार लावून आरशात बघतेय. शेठनी तुम्हाला खाली बोलावलं होतं, कानातल्याची एक नखी ढिली होती ती बघायला. तुम्ही डोळ्याला भिंग लावलंत, खडा बघितलात, आणि भिंग न काढताच विचारलंत, “शेठ, हा माल कुठला?”

“काका, नखी बघा तुम्ही.”

“नाही, नवीन आहे म्हणून विचारतो. आफ्रिकेतला नाही ना? तिकडं या हिऱ्यांपायी पोरांचे हात तोडलेत.”

ती बाई आधी शेठकडे बघायला लागली, मग तुमच्याकडे. “काय बोलता काय? कोनाचं हात?”

तुम्ही सांगितलंत. साधंसरळ, जसं मी तुम्हाला सांगितलं होतं, तसंच. शेठ मध्येमध्ये “अहो मावशी, तसं काही नाही” म्हणत होते, पण बाईने मुलीच्या गळ्यातला हार स्वतःच्या हाताने काढला. “नको गो बाय. लगनाच्या घरान रगताचा माल आमाला नको. सोन्याचाच घेव. उठ.” मुलगी रडकुंडीला आली. तिचा हारावरचा हात निघत नव्हता. दोघी गेल्या. बाजारात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पसरणार हे शेठना कळत होतं आणि मलाही. ते ओरडले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, तुम्ही एवढ्या मोठ्या कंपनीत आहात. तुमच्याकडे तरी प्रत्येक खडा कुठला ते माहीत असतं का? सांगा काकांना.”

मला माहीत होतं, बाबा. आमच्याकडे कोणी खडा बघून काही ठरवत नव्हतं. आम्हाला माल देणाऱ्याच्या बिलाखाली त्या चार ओळी असायच्या, म्हणून आम्ही आमच्या बिलाखाली टाकायचो. त्याच्या बिलाखाली होत्या, कारण त्याला देणाऱ्याच्या बिलाखाली होत्या. असा मागे मागे जात तो विश्वास कुठेतरी खाणीपाशी पोचत असेल, नसेलही. आणि तुम्ही बसवायचात ते बारीक खडे तर शंभर खाणींचे एकत्र होऊन सुरतेत घासले जातात, त्यांचं गाव कोण सांगणार? माळ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने ते शोधावं ही अपेक्षाच चुकीची होती. हे मी दोन वाक्यांत सांगू शकले असते. तुमची बाजू घेऊन सांगितलं असतं तर तुमची अब्रू राहिली असती, शेठची बाजू घेऊन सांगितलं असतं तर तुमचं काम राहिलं असतं. मी म्हटलं, “बाबा, चष्मा.” तुम्ही चष्मा घेतलात. “मी फक्त विचारलं,” तुम्ही शेठना म्हणालात. त्या महिन्यानंतर तुम्हाला हिऱ्यांचं काम मिळालं नाही. माळ्यावर आधीच दोन बंगाली कारागीर येऊन बसले होते, त्यांच्याकडे सगळं गेलं.

नंतरची तीन-चार वर्षं तुम्ही खांदा कॉलनीच्या घरात खिडकीपाशी बसून पैंजणांचे घुंगरू जोडलेत, तुटलेल्या साखळ्या सांधल्यात. चौथी नखी कुठली तिथे! मी ऑफिसच्या बसमधून उतरले की खाली रस्त्यावरून तुमचं डोकं दिसायचं. आई म्हणायची, “यांना तू हरिश्चंद्र करून ठेवलंस.” तुम्ही मला कधी बोल लावला नाहीत. उलट कोणी आलं की माझ्याकडे बघून सांगायचात, “हिने मला शहाणं केलं.” संध्याकाळी वाचनालयात जायचात. तिथल्या बाईंकडून नकाशाचं पुस्तक मागून घेतलंत, आणि ते दोन देश कुठे आहेत ते मला घरी येऊन सांगितलंत, पोळपाटावर पिठाने काढून. पेपरात त्यांचं नाव शोधायचात. आमच्या मराठी पेपरांत ते कशाला येतंय! पण एकदा आलं. दोन हजार सात साली, आतल्या पानावर चार ओळी, लायबेरियाच्या हिऱ्यांवरची बंदी उठली म्हणून. तुम्ही ती बातमी एका चिठ्ठीवर उतरवून आणलीत. मी आंबोळ्या करत होते, आईला बरं नव्हतं. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहिलात, चिठ्ठी वाचून दाखवलीत आणि म्हणालात, “तिकडं आता शांत झालंय म्हणे. सरकारनंच सांगितलंय.” मग चिठ्ठीची घडी घालत, “आता घालशील का गं?”

तीन वर्षं तुम्ही ती बातमी शोधत होतात ते यासाठी. मी आंबोळी उलटली आणि म्हटलं, “बघू.”

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. छातीत दुखतंय म्हणालात आणि रिक्षा येईपर्यंत राहिला नाहीत. माझ्या लग्नात आईने ती पुडी बाकीच्या दागिन्यांबरोबर माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली, पण उघडली नाही.

आता इतकी वर्षं जे टाळत आले ते सांगते. त्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत खडे निवडणाऱ्या मुली आमच्या टेबलाशी आल्या होत्या. दिवसभर भिंगातून हिरे बघणाऱ्या त्या. एकीने माझ्या नाकाकडे बघून भिंगच काढलं, “बघू गं.” मी हौसेने चमकी काढून दिली. ती म्हणाली, “पिवळा आहे. आणि आत काळा डाग. असला माल आम्ही बाजूला टाकतो गं.” सगळ्या हसल्या. वाईट नव्हत्या, नुसत्या हसल्या. एकीने विचारलं, “कोणी दिला?” आणि मी म्हटलं, “खोटीच आहे ती. बाजारात फेरीवाल्याकडे घेतली.” तीस वर्षांनी तुम्ही घरात आणलेला पहिला हिरा, आणि मी तो पंधरा दिवसांत खोटा करून टाकला. एकदा खोटा म्हटल्यावर तो घालून त्यांच्यासमोर जाणार कशी? रात्रभर काय सांगू घरी, याचाच विचार करत होते. दुसऱ्या दिवशी त्या सरांनी पडदा लावला आणि मला कारण मिळालं, इतकं मोठं आणि इतकं स्वच्छ की त्याच्यापुढे कोणी काही बोलू शकत नव्हतं. त्या पोरीच्या रिकाम्या बाह्या मी माझी लाज झाकायला वापरल्या, बाबा. तुम्ही मात्र त्या पोरीसाठी तुमचं काम गमावलंत.

कधीकधी वाटतं, हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात. चिडला नसतात. बहुतेक एवढंच विचारलं असतंत, “पण त्या पोरांचं तरी खरं होतं ना?” आणि मी म्हटलं असतं, “हो बाबा, ते खरं होतं,” आणि तुम्हाला तेवढं पुरलं असतं. मला नाही पुरत. तुम्ही हवे आहात मला. तो लाखेचा वास हवा आहे, ते “तिथंच थांब” हवं आहे, आणि खिडकीतलं डोकं.

हे कागद मी कपाटात ठेवून देईन. मेलेल्या माणसाला पत्र जात नाही हे कळतं मला, पण खरं सांगायचं तर जात असतं तरी मी पाठवलं नसतं. लेक चांगली निघाली, असं समजून तुम्ही गेलात. तुमचा तो समज मला अजून हवा आहे.